गोड्या पाण्यातला व्हाइट स्पॉट : मात्रा, तापमान आणि मुदत

काचपेटी

थंडीत पुणे-नाशिककडे हीटर नसलेल्या टाकीचं पाणी पहाटे २० अंशांच्या आसपास उतरतं आणि दुपारी पुन्हा २४-२५ वर चढतं. हा रोजचा चढउतार माशाला फार जड जातो. त्याच सुमारास दुकानातून नवा मासा आणलेला असेल, तर आठवड्याभरात पंखांवर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसायला लागतात. दर हिवाळ्यात इथे त्याबद्दल विचारणा होते आणि उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळतात. कुणी मीठ सांगतं, कुणी निळं औषध, कुणी हीटर. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

हा व्हाइट स्पॉट रोग एका एकपेशीय परजीवीमुळे होतो. नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस, बोलताना सगळे ‘इक’ म्हणतात. १८७६ साली फूके यांनी त्याचं वर्णन केलं. उपचार कसा करायचा हे पूर्णपणे त्याच्या जीवनचक्रावर ठरतं, म्हणून ते आधी.

पहिला टप्पा माशाच्या अंगावर, खरं तर अंगात. परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली आणि कल्ल्यांत शिरून तिथल्या पेशी खात वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे हा वाढलेला परजीवी आणि त्याच्यावर आलेलं माशाच्या त्वचेचं आवरण. पूर्ण वाढला की १ मिलिमीटरपर्यंत जातो. या टप्प्यात पाण्यात घातलेलं औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.

दुसरा टप्पा तळाशी. पूर्ण वाढलेला परजीवी मासा सोडतो, काही तास इकडेतिकडे फिरतो आणि खडी, काच, झाडाचं पान, फिल्टरचा स्पंज असं जे मिळेल त्याला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. आत विभाजन सुरू होतं आणि एकाचे शेकडो, कधी हजारापर्यंत होतात. कवचातही औषध शिरत नाही.

तिसरा टप्पा मोकळ्या पाण्यात. कवच फुटून शेकडो सूक्ष्म जीव पोहत बाहेर पडतात आणि मासा शोधतात. साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध, मीठ, अतिनील दिवा, सगळ्यांचा मारा बसतो तो याच टप्प्यावर.

म्हणजे माशावरचे ठिपके मारता येत नाहीत. ते आपापल्या वेळेला गळतात. आपलं काम एवढंच, की गळलेल्यांची पिल्लं बाहेर पडतील तेव्हा पाण्यात औषध हजर असलं पाहिजे. आणि औषध किती दिवस हजर ठेवायचं हे ठिपक्यांवरून ठरत नाही, पाण्याच्या तापमानावरून ठरतं. २५ अंशांना पूर्ण चक्र चार ते सात दिवसांत होतं, १० अंशांना महिन्याहून जास्त लागू शकतो.

गप्पीप्रेमी

छान सुरुवात. माझा प्रश्न याच मुद्द्यावरचा आहे. दुकानदाराने निळं औषध दिलं, तीन दिवसांत सगळे ठिपके गेले. औषध थांबवलं. त्यानंतर पाचव्या दिवशी आधीच्या दुपटीने आले. औषध बनावट होतं का?

काचपेटी

बनावट असेलच असं नाही. निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. अंड्यांवरची बुरशी आणि नायट्राइटची विषबाधा यांना ते उपयोगी आहे, इकवर कमजोर. शिवाय फिल्टरमधले जीवाणू मारतं, मग अमोनिया वाढतो आणि आधीच बेजार असलेल्या माशांना दुसरा मार बसतो.

पहिल्या तीन दिवसांत ठिपके गेले ते औषधाने नव्हे. ती पिढी पिकून खाली पडली, जी तशीही पडणारच होती. मग एक-दोन दिवस तळाशी विभाजन, मग नवी पिल्लं माशांवर. ती दिसण्याइतकी मोठी व्हायला आणखी दोन-तीन दिवस. पाचव्या दिवशी दुप्पट दिसणं हे या हिशेबात तंतोतंत बसतं. मोकळ्या पाण्यातला टप्पा आला तेव्हाच औषध बंद होतं.

आता नव्याने मोजायला लागा. आजचा दिवस पहिला.

शेवाळं

उपचाराआधी ओळख पक्की करा, कारण पांढरं दिसणारं सगळंच इक नसतं.

नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पंखाच्या पहिल्या काट्यावर पांढरे बारीक दाणे येतात. ते ओळीत, दोन्ही बाजूंना सारखे, आणि मासा ठणठणीत असतो. उपचार नको.

ठिपके फार बारीक, पिवळसर सोनेरी पूड असल्यासारखे, टॉर्च तिरका धरल्यावरच दिसत असतील तर तो व्हेल्व्हेट नावाचा वेगळा रोग. तो इकपेक्षा वेगाने मारतो. मीठ आणि तापमान तिथेही मदत करतं, पण टाकी अंधारात ठेवावी लागते कारण त्या परजीवीला प्रकाशातून अन्न मिळतं. तांब्याचं औषध तिथे प्रभावी.

ठिपके वेगवेगळ्या आकाराचे, त्वचेच्या बाहेर उचलून आलेले, डोळ्याच्या बुबुळावरसुद्धा असतील तर एपिस्टायलिसचा संशय घ्या. हा घाणेरड्या पाण्यातला जीव आहे. त्याच्यासोबत जीवाणूंचा संसर्ग असतो आणि तो उष्णतेत बळावतो. म्हणून तापमान ३० वर नेण्याआधी हा फरक बघाच. इकचे ठिपके जवळजवळ एका मापाचे आणि त्वचेत बसलेले असतात.

पंखाच्या कडेला फुलकोबीसारखी एखादी गाठ आठवडेच्या आठवडे तशीच असेल तर लिम्फोसिस्टिस, विषाणूजन्य. औषध नाही, बहुतेकदा आपोआप जाते.

आणि ठिपका एकही नसताना मासे खडीला अंग घासत असतील, पंख मिटून बसत असतील, फिल्टरच्या धारेजवळ किंवा पृष्ठभागाला जाऊन भराभर श्वास घेत असतील, तर इक फक्त कल्ल्यांत असू शकतो. हा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण माणूस ठिपक्यांची वाट बघत बसतो. मात्र अशा वेळी अमोनिया आणि नायट्राइट आधी तपासा, लक्षणं हुबेहूब तशीच असतात.

नदीकाठ

+१. एपिस्टायलिसचा मुद्दा महत्त्वाचा.

तापमानाबद्दल लिहितो. बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना ३० अंश दोन आठवडे सहज चालतं. ३० च्या वर इकचं विभाजन मंदावतं किंवा थांबतं आणि २८-३० दरम्यान चक्र इतकं वेगात होतं की औषधाला लवकर लवकर संधी मिळते. माझं मत असं, की हीटर चांगला असेल आणि मासे सोसणारे असतील तर रसायनाशिवाय, फक्त ३० अंश आणि मीठ यावर सुरुवात करावी.

वाढवायचं कसं: सकाळी २ अंश, संध्याकाळी २ अंश. २२ वरून ३० ला जायला दोन दिवस. त्याहून घाई करू नका. आणि हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, स्वस्त हीटर दोन-तीन अंशांनी सहज चुकतात. वेगळा थर्मामीटर हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लावा. लिटरला १ वॉट हा हिशेब पुरतो, पण नाशिकच्या जानेवारीत खोली थंड असेल तर टाकीला वरून झाकण आणि मागून थर्माकोल लावा, नाहीतर हीटर दिवसरात्र चालूच राहतो.

ऑक्सिजनकडे लक्ष हवं. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण ७.५. माशाची गरज मात्र वाढलेली असते आणि कल्ले खराब झालेले असतात. एक जादा एअरस्टोन लावा, फिल्टरच्या धारेने पृष्ठभाग हलता ठेवा. वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. वीज गेल्यावर गरम पाणी तासाभरात थंड होत नाही, पण हवा बंद पडून तासाभरात मासे वर येतात.

पाणी बदलताना हीटर आधी बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं पाण्यातच निवू द्या. चालू हीटरची काच पाण्याबाहेर आली की तडकते. हात घालायचा असेल तर प्लग काढूनच.

काचपेटी

नदीकाठ, फक्त तापमानावर अवलंबून राहण्याबद्दल माझं वेगळं मत आहे. ३० अंश सोसणारे इकचे वाण आढळलेले आहेत. तशा टाकीत चक्र थांबत नाही, उलट वेगाने फिरतं. चार दिवस ३० ला ठेवून नवे ठिपके येतच असतील तर त्याच दिवशी औषध सुरू करावं. ३२ अंश जास्त खात्रीचे, पण ते डिस्कस, रॅम, क्लाउन लोच अशांनाच मानवतात.

नदीकाठ

मान्य. चार दिवसांची अट योग्य आहे.

तळजाई

नमस्कार. पुणे, महापालिकेचं पाणी. टाकी ३६ × १५ इंच, पाण्याची उंची १५ इंच. ३ क्लाउन लोच, ६ कोरिडोरस, १२ निऑन, २ एंजल. झाडं व्हॅलिस्नेरिया आणि अनुबियास. काही गोगलगायी. लोचवर भरपूर ठिपके, एंजलवर चार-पाच. तापमान २३. हीटर १५० वॉटचा आहे. नेमकं काय आणि किती घालायचं?

काचपेटी

आधी लिटर काढू. इंचांचा गुणाकार भागिले ६१. तुमचं ३६ × १५ × १५ = ८१००, भागिले ६१ म्हणजे १३३ लिटर. खडी आणि लाकडाचे १२-१३ वजा करा. १२० लिटर धरा. मात्रा नेहमी या निव्वळ लिटरवर, दुकानदाराने सांगितलेल्या टाकीच्या मापावर नाही.

तुमच्या टाकीत लोच आहेत म्हणून विचार करावा लागेल. क्लाउन लोचला इक सर्वांत आधी होतो आणि औषधही त्यांनाच सर्वांत आधी बाधतं, कारण त्यांचे खवले अगदी बारीक, त्वचेत दडलेले. कोरिडोरस आणि निऑनही औषधाला नाजूक. म्हणून सगळं अर्ध्या मात्रेने.

पहिला दिवस: सायफनने खडी खोलवर साफ करत ३० लिटर पाणी काढा. तळाशी पडलेली कवचं यातच मोठ्या संख्येने निघतात, हा भाग टाळू नका. नवं पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. हायपोचे खडे वापरत असाल तर १०० लिटरला १ ग्रॅम नळाच्या पाण्याला बहुतेक वेळा पुरतो. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, स्पंज राहू द्या. अतिनील दिवा असेल तर बंद. गोगलगायी हव्या असतील तर वेगळ्या बादलीत हलवा. इक त्यांना होत नाही, पण शंखाला कवचं चिकटलेली असू शकतात, म्हणून उपचार संपेपर्यंत मासे नसलेल्या बादलीतच. हीटर २५ वर. एअरस्टोन वाढवा.

दुसरा दिवस: सकाळी २७, संध्याकाळी २८. तुमच्या टाकीत औषध वापरायचं असल्याने ३० ला न्यायची घाई नको. मलाकाइट ग्रीन (एक हिरवं रंगद्रव्य) आणि फॉर्मॅलिन (फॉर्माल्डिहाइडचं द्रावण) ही इकवरची दोन्ही औषधं तापमान वाढलं की माशांना अधिक विषारी होतात. औषधासोबत २८ पुरे.

औषध: मलाकाइट ग्रीनची नेहमीची मात्रा ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर. तुम्ही ०.०२५ ने सुरुवात करा. द्रावण ०.१ टक्का असेल, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, तर १२० लिटरला ३ मिलिलिटर. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नसेल तर ती बाटली घेऊ नका. थेंबांनी मोजू नका, थेंब प्रत्येक बाटलीचा वेगळा. सुई काढलेली सिरिंज वापरा. मगभर टाकीच्या पाण्यात मिसळून फिल्टरच्या धारेपाशी हळूहळू ओता.

टाकीचा दिवा बंद ठेवा. मलाकाइट ग्रीन उजेडात लवकर विरतं. अनुबियासला दोन आठवड्यांच्या अंधाराचं काही वाटत नाही.

त्यानंतर एक दिवसाआड: ३० लिटर बदल, खडी साफ, पुन्हा ३ मिलिलिटर. दोन मात्रांनंतर लोच शांत असतील, धाप नसेल आणि तरी नवे ठिपके येत असतील तर ५-६ मिलिलिटरपर्यंत जाता येईल. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही २८ अंशांना आणखी आठवडाभर हेच चालू. एकूण दोन आठवडे धरून चला.

खाणं निम्मं करा. अमोनिया रोज तपासा. मासे वर येऊन धापा टाकायला लागले, कलंडायला लागले तर वाट बघायची नाही, लगेच निम्मं पाणी बदलून कार्बन टाकायचा. कार्बन मलाकाइट ग्रीन शोषून घेतो.

मिठाचा खडा

मीठ का सांगितलं नाही?

काचपेटी

व्हॅलिस्नेरियामुळे. मिठात ती वितळते. कोरिडोरसलाही फार मीठ सोसत नाही. झाडं महत्त्वाची नसतील तर १ ग्रॅम प्रतिलिटर चाललं असतं.

मिठाचा खडा

ठीक. मग बाकीच्यांसाठी मिठाचा हिशेब देतो, कारण गप्पी, मॉली, प्लॅटी, सिक्लिड, गोल्डफिश यांच्यासाठी मीठ हा पहिला उपाय असायला हवा असं मला ठामपणे वाटतं. स्वस्त, मोजता येण्यासारखा, फिल्टरचे जीवाणू या मात्रेत सुखरूप राहतात आणि चूक झाली तर पाणी बदलून सुधारता येतं.

पोहणाऱ्या पिल्लांवर मिठाचा परिणाम होतो आणि माशाच्या फाटलेल्या त्वचेतून शरीरातले क्षार बाहेर झिरपणं कमी होतं. मात्रा २ ग्रॅम प्रतिलिटर, सोसणाऱ्या माशांना ३. शंभर लिटरला २०० ग्रॅम. तीन भाग करा आणि बारा-बारा तासांनी घाला. बादलीत विरघळवून घाला. खडे थेट टाकले तर तळाशी बसणाऱ्या माशांची कातडी भाजते.

मीठ बाष्पीभवनाने जात नाही. हे न समजल्याने बहुतेक घोळ होतात. पाणी उडालं तर साधं पाणी भरा, मीठ घालू नका. पाणी बदललं तर जेवढे लिटर बदलले तेवढ्याचंच मीठ: २५ लिटर बदलले तर ५० ग्रॅम. दर बदलाला पूर्ण २०० ग्रॅम घातले तर आठवड्याभरात मात्रा तिप्पट होते.

जाडं मीठ घ्या. घरात फक्त आयोडीनयुक्त असेल तर तेही चालतं, त्यातल्या आयोडीनचं प्रमाण या मात्रेत नगण्य असतं. सैंधव, काळं मीठ, चाट मसाल्याचं मीठ नको. चमच्याऐवजी वजनकाटा वापरा. जाड आणि बारीक मिठाच्या चमच्यात बराच फरक पडतो.

शेवाळं

मीठ टाकीत मुरवून ठेवणं आणि बादलीतली मीठ-अंघोळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लिहा. अंघोळीने ठिपक्यांखालचा परजीवी मरत नाही. आधीच दमलेल्या माशाला जाळीत पकडून बादलीत टाकायचं आणि परत त्याच दूषित टाकीत सोडायचं, यातून इकच्या बाबतीत काही मिळत नाही.

सोनमासा

गोल्डफिश असतील तर ३० अंश कसे करायचे? पाणी आत्ता १९ आहे.

मिठाचा खडा

करू नका. २४ पर्यंत हळूहळू आणा, ३ ग्रॅम प्रतिलिटर मीठ ठेवा आणि मुदत वाढवा. २४ ला किमान तीन आठवडे. १९ वरच ठेवलं तर चक्र इतकं लांबतं की महिनाभर मीठ ठेवावं लागेल आणि मासा अशक्त होत जाईल. गोल्डफिश घाणही फार करतात, त्यामुळे एक दिवसाआड २५-३० टक्के पाणी बदल हवाच.

भीमाशंकर

सह्याद्रीतल्या माशांना हाच नियम लागू. सह्याद्रिया डेनिसोनी, ज्याला बाजारात मिस केरळ किंवा डेनिसन बार्ब म्हणतात, तो थंड, वाहत्या, ऑक्सिजनने भरलेल्या ओढ्यांतला मासा आहे. २०१३ मध्ये त्याला सह्याद्रिया ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. ‘ट्रॉपिकल’ लेबल बघून लोक त्याला ३० अंशांत टाकतात आणि तो ठिपक्यांनी मरण्याआधी गुदमरून मरतो. २५-२६ वर थांबा, धार जोरात ठेवा, औषध अर्ध्या मात्रेत आणि मुदत तीन आठवडे. डोंगरी ओढ्यांतल्या चपट्या लोचना तर २४ च्या वर नेऊच नका.

ऑक्सिजन

फॉर्मॅलिनबद्दल कुणी लिहिलं नाही. मलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन ही जोडी एकेकट्या औषधापेक्षा प्रभावी आहे. तयार मिश्रण मिळालं तर तेच घ्या, बाटलीवरच्या मात्रेपेक्षा जास्त नाही. सुटं वापरणाऱ्यांसाठी: ३७ टक्क्यांचं फॉर्मॅलिन, १०० लिटरला १.५ ते २.५ मिलिलिटर, एक दिवसाआड, प्रत्येक मात्रेआधी पाणी बदल. नाजूक माशांना खालचा आकडा.

दोन गोष्टी जीवघेण्या ठरतात. पहिली, बाटलीच्या तळाशी पांढरा साका. थंडीत ठेवलेल्या फॉर्मॅलिनमध्ये पॅराफॉर्माल्डिहाइड तयार होतं आणि ते माशांना फार विषारी असतं. साका दिसला की ती बाटली बाद, वरचं पाणी निथळूनही वापरू नका. दुसरी, फॉर्मॅलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं. दर ५ मिलिग्रॅम प्रतिलिटरला साधारण १ मिलिग्रॅम ऑक्सिजन कमी होतो. एअरस्टोन दोन असल्याशिवाय घालू नका, रात्री झोपण्याआधी घालू नका.

आणि स्वतःला जपा. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना, फुप्फुसांना वाईट, शिवाय कर्करोगकारक. खिडकी उघडी, हातमोजे, लहान मुलं बाहेर. मलाकाइट ग्रीनची सुटी भुकटी घरी आणूच नका. ती उडते, श्वासातून जाते आणि मिलिग्रॅमच्या हिशेबात तोलणारा काटा घरात नसतो. द्रावणच घ्या.

तळजाई

आणि तांब्याचं औषध? दुकानात तेही सुचवलं.

ऑक्सिजन

तुमच्या पाण्यात नको. मोरचुदाची मात्रा पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) ठरते: क्षारता भागिले १०० इतके मिलिग्रॅम प्रतिलिटर. क्षारता ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर औषधाची आणि विषाची मात्रा जवळजवळ एकच होते. धरणाचं पाणी बऱ्याचदा असंच मऊ असतं. बोअरच्या जड पाण्यात तांबं वापरता येतं, पण तिथेही क्षारता मोजून. कोळंबी आणि गोगलगायी कोणत्याही मात्रेत गमवाल, आणि तांबं खडीत, सिलिकॉनमध्ये मुरून राहतं.

मांडवीकिनारा

गोव्यातून विचारतोय. माझी टाकी समुद्री आहे, क्लाउनफिशवर असेच ठिपके आहेत. वरचं काही चालेल का?

शेवाळं

नाही. समुद्री टाकीतला परजीवी वेगळा, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. मीठ आणि ३० अंश त्याच्यावर चालत नाहीत. मासे वेगळ्या, खडी नसलेल्या टाकीत हलवा. तिथे आयनिक तांबं ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रतिलिटर, रोज चाचणी करून, किमान तीन-चार आठवडे. चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेल्या) तांब्याचे आकडे वेगळे, बाटलीवरचेच पाळा. किंवा दर तीन दिवसांनी मासे कोरड्या, स्वच्छ केलेल्या टाकीत नव्या खाऱ्या पाण्यात हलवायचे, असं चार वेळा. मूळ टाकी तोवर माशांशिवाय. छंदात रूढ असलेला आकडा ७६ दिवसांचा आहे. प्रवाळ असलेल्या टाकीत तांबं कधीच नको. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

गप्पीप्रेमी

काचपेटी, तुम्हा सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे नव्याने मीठ आणि ३० अंश सुरू केलं. ठिपके वाढले! एका गप्पीच्या शेपटीवर कापसासारखं काहीतरी आलंय.

काचपेटी

पहिल्या तीन-चार दिवसांत ठिपके वाढणं अपेक्षित आहे. उष्णतेने आतले परजीवी एकदम मोठे होतात, त्यामुळे आधी न दिसणारे दिसायला लागतात. सातव्या दिवशीही नव्या ठिपक्यांची संख्या वाढतच असेल तर काळजी.

कापसासारखं दिसतं ती परजीवी बाहेर पडताना झालेल्या जखमेवरची बुरशी किंवा कॉलम्नॅरिस नावाचा जीवाणू. बुरशीचे धागे लांब, पाण्यात हलणारे. कॉलम्नॅरिस आखूड, करडा-पिवळट, कडेला लालसर आणि झपाट्याने पसरणारा. दुसरा असेल तर तापमान २५-२६ ला उतरवा, कारण तो उबेत बळावतो. मीठ चालू ठेवा, इकसाठी मुदत वाढवा आणि त्या माशाला वेगळं करा. ओळख पटत नसेल तर स्वच्छ फोटो टाका.

नदीकाठ

उपचार फसण्याची जी कारणं पुन्हा पुन्हा दिसतात ती अशी. फिल्टरमध्ये कार्बन विसरलेला असतो, औषध दोन तासांत गायब. उन्हाच्या खिडकीतली टाकी. उघडून वर्ष झालेली बाटली. सेंद्रिय गाळाने भरलेली खडी, जिच्यात औषध शोषलं जातं. एकाच वेळी निळं, हिरवं आणि पिवळं औषध. आणि फक्त आजारी दिसणारा मासा बाहेर काढून उपचार करणं, जेव्हा बाकी सगळी टाकी कवचांनी भरलेली असते. सगळे मासे काढता आले तर मात्र मूळ टाकी रिकामी ठेवणं उत्तम. २८-३० अंशांना दहा-बारा दिवसांत तिथला परजीवी माशाअभावी संपतो. झाडं आणि फिल्टर जागच्या जागी राहतात, औषधही लागत नाही.

जाळी, सायफन, बादल्या दुसऱ्या टाकीला लावण्याआधी कडकडीत वाळवा. कवच कोरडेपणात टिकत नाही, ओल्या जाळीत टिकतं.

भीमाशंकर

नव्या माशांबद्दल. मुंबईत कुर्ल्याला आणि तिथून पुढे दुकानांत येणारा बराच माल कोलकाता-चेन्नईहून पिशव्यांत बंद होऊन येतो. प्रवास, थंड रात्री, गच्च गर्दी. दुकानात सगळ्या टाक्यांना एकच फिल्टर जोडलेला असेल तर शेजारच्या टाकीतही बघा. तुम्ही मासा घेताय त्या टाकीत ठिपके नाहीत एवढं पुरत नाही.

घरी आणल्यावर साध्या उघड्या टाकीत, खडी न घालता, स्पंज फिल्टर आणि हीटरवर २७-२८ अंशांना तीन आठवडे. तापमान मुद्दाम थोडं जास्त, म्हणजे लपलेला रोग असेल तर याच काळात वर येतो. १८-२० अंशांत केलेलं विलगीकरण फसवं असतं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दुकानातल्या माशांच्या टाकीतून आणलेली झाडंही याच नियमात, माशांशिवाय वेगळ्या बादलीत दोन आठवडे.

तळजाई

तिसरी मात्रा झाली. लोच खायला लागलेत, एंजलवर एकही ठिपका नाही, अमोनिया शून्य. एक प्रश्न राहिला. एक दिवसाआड निघणारं ३० लिटर हिरवट पाणी कुठे टाकायचं? सोसायटीच्या बागेत चालेल?

ऑक्सिजन

बागेत नको, विहिरीत, ओढ्यात किंवा गणपती विसर्जनाच्या हौदात तर मुळीच नको. मलाकाइट ग्रीन माशांच्या शरीरात दीर्घकाळ राहतं, म्हणूनच खाण्याच्या माशांना ते देण्यावर बंदी आहे. बादलीत मूठभर सक्रिय कार्बन जाळीच्या पिशवीत घालून एअरस्टोनवर रात्रभर ठेवा. रंग गेला की संडासात ओता, म्हणजे मैलापाण्याच्या गटारात जाईल. पावसाळी गटारात नको, ते थेट नदीला मिळतं. तुमच्याकडे मुळा-मुठेला. वापरलेला कार्बन सुकवून कोरड्या कचऱ्यात, पुन्हा फिल्टरमध्ये नाही.

शेवटच्या मात्रेनंतर दोन दिवसांनी टाकीतही ताजा कार्बन लावा, तीन-चार दिवस राहू द्या. मग तापमान रोज १ अंशाने २६ वर आणा आणि गोगलगायी शेवटी सोडा.

तळजाई

समजलं. कार्बन आजच आणते. चौथी मात्रा उद्या सकाळी.